तिसऱ्या हाकेची वाट

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या सर्वांचे आदरणीय अमरसिंहदादा. तालुक्याहून उन्हातान्हात आवर्जून आलेल्या डॉक्टर मोहिनी मॅडम. ज्यांच्यासाठी उपकेंद्राच्या आवारात हा मांडव घातला त्या आपल्या सिस्टर, श्रीमती सुरेखाताई पाटोळे. आणि समोर सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या माय-बहिणींनो आणि बांधवांनो, सर्वांना या आश्रुबाचा नमस्कार.

दूध संस्थेचा चेअरमन म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. दोन शब्दांत आटोपणारा चेअरमन आपल्या जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय, तेव्हा दादा, सांभाळून घ्या. भाषण माझी नात स्वप्नाली हिनं लिहून दिलंय. त्यात 'सेवेचा नंदादीप' असं वाक्य आहे. ते वाचून झालं असं समजा. कागद मी आता खिशात ठेवतो, कारण मला जे बोलायचंय ते त्या लेकरानं लिहिलेलं नाही.

सिस्टर बावीस वर्षांपूर्वी उपकेंद्रात आल्या तेव्हा आपणच कुजबुजलो होतो. किरिस्ताव बाई आहे, दर रविवारी क्वार्टरच्या ओट्यावर पोथी उघडून बसते, बाटवायला आली असणार. खोटं बोलतोय का मी? बावीस वर्षांत सिस्टरनी कुणाला काही सोडायला लावलं असेल, तर ती तंबाखू. बाकी त्यांनी कधी उपदेश केला नाही. त्या फक्त विचारायच्या. पेशंट दारात आला की पहिला सवाल, "बरं व्हायचंय ना तुम्हाला?" माणसं हसायची. दवाखान्यात काय लगीन लावायला आलोय का? पण हसता हसता माणूस थबकायचा. सिस्टर म्हणायच्या, हा सवाल माझा नाही, आमच्या येशूचा आहे. अडतीस वर्षं पाण्याकाठी पडून असलेल्या आजाऱ्याला त्यानं हेच विचारलं. आजारी माणसाला असं विचारतात का कुणी? आणि त्या माणसानं 'हो' म्हटलंच नाही. मला कुणी पाण्यात नेऊन सोडत नाही, अशी दुसऱ्यांची तक्रार सांगत बसला.

मी बीपीच्या गोळीला जायचो आणि ओट्यावर टेकायचो. केसरबाई, सिस्टरच्या हाताखाली बाळंतपणं करणाऱ्या आपल्या दाई, त्याही असायच्या. एका रविवारी सिस्टरनी बागेची गोष्ट वाचली. पहिला माणूस चूक करतो आणि झाडीत दडून बसतो. देव बागेत येतो आणि विचारतो, तू कुठे आहेस? मी खो खो हसलो. म्हटलं, "सिस्टर, बाग तुमच्या देवानं लावली, माणूस त्यानंच घडवला, आन् त्यालाच घावंना व्हय?"

सिस्टरनी चष्मा काढला. "चेअरमन, तुम्ही मेंढरं राखलीत. कोकरू कोणत्या जाळीत अडकलंय ते तुम्हाला दिसतंय, तरी हाक का मारता?"

म्हटलं, "आपन जाळीत हात घातला तर ते आनखी आत शिरतंय. हाक मारली तर आपल्या पायानं भायेर येतंय."

"मग झालं," त्या म्हणाल्या. "या पोथीत देव जिथं जिथं विचारतो, तिथं त्याला उत्तर माहीत असतं. ज्याला विचारलंय त्याच्या तोंडून ते बाहेर यायचं असतं. बागेतला माणूस बघा काय म्हणाला. तुझा आवाज ऐकला, भ्यालो, लपलो."

मला ते पटलं. लई पटलं. पुढच्या रविवारी मात्र सिस्टरनी दोन भावांची गोष्ट काढली. एक भाऊ शेतात मरून पडलेला, आणि दुसऱ्याला देव विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे? तो म्हणतो, मला काय ठाऊक, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? मी पायात चपला न घालता ओट्यावरून उठलो आणि थेट घर गाठलं. चार महिने रविवारी तिकडं फिरकलो नाही. गोळी न्यायला स्वप्नालीला पाठवायचो.

मंडळी, आता जे सांगतो ते चैत्रातलं, तीन वर्षांपूर्वीचं, भर दुपारचं. बीपी वाढलं म्हणून मलाच जावं लागलं. सिस्टरनी दंडाला पट्टा बांधला, कानात नळ्या घातल्या आणि हवा भरू लागल्या. मध्येच त्यांचा हात थांबला. कानातल्या नळ्या काढून त्या खिडकीकडं बघायला लागल्या.

"चेअरमन, तुम्हाला कुणीतरी हाक मारतंय. ओ द्या की."

"मला न्हाई आली ऐकू," मी म्हणालो.

पुन्हा आली. या वेळी सिस्टर उठून खिडकीशी गेल्या. मीही गेलो, दंडाला पट्टा तसाच. आवारात चिटपाखरू नव्हतं. केसरबाईंच्या चार शेळ्या लिंबाखाली बांधलेल्या होत्या. चौघींचं रवंथ थांबलेलं, आणि चौघी फाटकाकडं तोंड करून उभ्या. फाटकात कुणीही नव्हतं. वारा नव्हता, सावली हलत नव्हती. सिस्टर हळूच म्हणाल्या, "हाक मारणारा 'आश्र्या, कुठं हाईस' म्हणाला. या गावात तुम्हाला आश्र्या कोण म्हणतं?"

"आता कुनीच न्हाई," मी म्हणालो. आणि दवाखान्याच्या त्या लोखंडी बाकावर बसून मी आयुष्यात पहिल्यांदा ते सांगितलं. आज दुसऱ्यांदा सांगतोय.

माझा थोरला भाऊ बजरंग तुमच्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. एक्केचाळीस वर्षं झाली. आम्ही दोघं मेंढरं घेऊन मांजरसुंब्याच्या वरच्या माळाला गेलतो. वैशाख होता. दादा जुन्या बारवेवर पाणी आणायला गेला आणि मी पन्नास पावलांवर बाभळीखाली बसलो. आमच्या लोकांत एक रीत आहे, अध्यक्ष महोदय, तुमच्या वाड्या-बंगल्यात नसेल. माळावर भर दुपारी कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी आली तरच ती माणसाची. कारण माळावर जी असते ती दोनदाच हाक मारू शकते, आणि आपल्याच माणसाच्या आवाजात मारते. तिचं नाव आम्ही अजूनही घेत नाही. आज्यानं ही रीत शिकवली आणि भाकरी खावी तितक्या सहज आम्ही ती पाळली.

बारवेकडून हाक आली. "आश्र्या, कुठं हाईस?" दादाचाच आवाज. पण आवाज तर त्याचाच असणार ना? मी काठी घट्ट धरली. दुसरी आली. पहिलीपेक्षा जरा ओली, पाण्यातून यावी तशी. मी डोळे मिटून तिसरीची वाट बघत बसलो. तिसरी आली नाही. आणि मंडळी, खरं सांगतो, मला बरं वाटलं. वाटलं, वाचलो.

उन्हं कलल्यावर बारवेवर गेलो. वरच्या पायरीवर दादाचं पागोटं होतं. पायरी निसटली होती. खाली गाळात तो होता.

लोक जमले. सगळ्यांनी एकच विचारलं, "हाक मारली का त्यानं?" मी म्हणालो, "न्हाई. मी जवळच बसलो हुतो, हाक आली न्हाई."

बघा, एवढंच म्हणालो मी. पण गावानं त्यावरून काय रचलं? पाय घसरून पडणारा माणूस ओरडतो. बजरंग ओरडला नाही. म्हणजे पडला नाही, उडी टाकली. उडी का टाकली? सकाळी भाकरीवरून बायकोशी कुरबुर झालती. झालं. माझ्या वहिनीच्या, रतनबाईच्या कपाळावर ते गोंदलं गेलं. एकवीस वर्षांची होती ती तेव्हा. हिनं तोंडानं नवरा विहिरीत घातला, असं म्हणणारी माणसं या मांडवातही बसली आहेत. मांडवात वहिनी आली की बायका अजून अंग चोरून सरकतात, मघाशीही सरकल्या, मी इथून पाहिलं. एक्केचाळीस वर्षं मी तिच्या हातचं जेवतोय. तिनं कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही, कारण तिलाही तेच खरं वाटत आलंय. याहून मोठं पाप मला माहीत नाही.

आणि तेव्हापासून मला ती हाक येते. तलवाड्याच्या बाजारात आली, दूध संस्थेच्या मीटिंगमध्ये आली. नेहमी भर दुपारी, नेहमी दोनदा. तिसरी कधीच नाही.

हे सगळं ऐकून सिस्टर काय म्हणाल्या? आमच्या देवळात ये म्हणाल्या नाहीत. अंगारा दिला नाही. त्यांनी दंडाचा पट्टा सोडला आणि विचारलं, "चेअरमन, बरं व्हायचंय ना तुम्हाला?"

मी त्या अडतीस वर्षांच्या आजाऱ्यासारखंच केलं. रीतच तशी होती, मी काय करणार, म्हणालो. सिस्टर म्हणाल्या, "मी कुणाला सांगणार नाही. पण मी गेल्यावर तुम्हाला विचारणार कोण?"

उद्या त्या जालन्याला लेकीकडं जातायत. ती हाक ऐकणारं दुसरं माणूस उद्यापासून या गावात नसेल. म्हणून आज बोललो. आता बारा वाजून गेलेत. मघाशी घडीभर लाईट गेली, पंखे थांबले, आणि मांडव गप झाला तेव्हा एक हाक आली. तुम्हाला नसेल आली. सिस्टरनी मान वर केली, ते मी पाहिलं. लिंबाखाली केसरबाईंच्या शेळ्या बघा, फाटकाकडं तोंड करून उभ्या आहेत. नंतर दुसरीही आली.

थांबा. वहिनी उभी राहिली आहे. कुणी तिला बसवू नका, बाईला बोलू द्या. काय म्हणताय, वहिनी? माईक नको, मला ऐकू आलं. मागच्यांना ऐकू आलं नसेल तर मी सांगतो. वहिनीनं विचारलं, "तवा तुमी कुठं हुता, भावजी?"

मंडळी, मी कुठं होतो ते तिला माहीत आहे. बाभळीखाली, पन्नास पावलांवर. एक्केचाळीस वर्षं मीच तिला सांगत आलोय. तरी विचारतेय. सिस्टर, तुमच्या पोथीतला सवाल मला आज कळला. आणि ज्या तिसऱ्या हाकेची वाट बघत बसलो, ती ही.

ओ, वहिनी. हाक ऐकली. दोन्ही ऐकल्या. भ्यालो. लपलो. दादानं उडी न्हाई टाकली. त्यो मला बोलवत हुता.

अध्यक्ष महोदय, निरोपाच्या कार्यक्रमाचा मी विचका केला, मला ठाऊक आहे. सिस्टर, तुमचे आभार मानायला मला जमणार नाही, तुम्ही समजून घ्या. आपण सगळ्यांनी उन्हात बसून ऐकून घेतलंत, त्याबद्दल तुमचा ऋणी आहे. बोलण्यात काही उणंदुणं झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. जे बोललो नाही, त्याची माफी मात्र मला एकाच माणसाकडं मागायची आहे. तेव्हा हा माईक ठेवतो आणि खाली येतो.