खाऱ्या पाण्याची कळशी

माझं माहेर तळ्याच्या बाजूला, डोंगरात. तिथं पाणी गोड, भात गोड, माणसंपण जरा गोडच बोलायची. लग्न होऊन मी इकडं खारेपाटात आले, अलिबागच्या अलीकडं, तवा पहिल्याच दिवशी विहिरीचं पाणी तोंडात घेतलं नि थुंकलं, आणि सासू समोर उभी. म्हटलं झालं, आता बोलणी खायची. तर ती म्हणाली, थुंकू नको गं, गिळ, सवय करायला लागंल, इथं सगळंच खारं हाय, माणसं धरून. ही आमची बय. पोरं बय म्हणायची म्हणून मी म्हणायला लागले, मंग सगळं गावच म्हणायचं. तिचं नाव सखूबाई व्हतं हे मला रेशनकार्डावर वाचून कळलं.

मी चौथी शिकलेली, बयला अक्षर येत नव्हतं. पण खाडीचं पाणी कवा चढणार, कवा उतरणार, ते तिला तिथीवरून तोंडपाठ. आमची शेती खाडीला लागून, काय सांगू तुमाला ताई, भरतीला पाणी शेताच्या वर असतं आणि मधी नुसता मातीचा बांध. तो बांध म्हणजे आमचा जीव. उधाणाला कुठं फुटला तर त्याला खांड पडली म्हणायचं, आणि खांड पडली की घरटी एक माणूस गेलाच पायजे, मंग घरात लगीन असू दे का मयत. त्याला जोळ म्हणत. कोण आलं, कोण न्हाय आलं, सगळं गाव बघायचं. गाव करील ते राव काय करील, अशी तऱ्हा. मी लग्नाच्या पहिल्या वर्षी गेले तर कमरेएवढ्या चिखलात बय पुढं, पदर खोचलेला, चिखलाचे गोळे हातोहात पुढं जातायत आणि ही पुरुषांना शिव्या देतेय, हात हलवा रे, बायका काय तुमच्या आया हायत का उचलून द्यायला. रडू येत व्हतं मला. जळवा म्हणून न्हाय, भीती वाटत व्हती. तिनं माझा हात धरला तो पाणी उतरेपर्यंत सोडला न्हाय.

आमच्या शेतात राता पिकायचा. लाल तांदूळ, जाडा, शहरातल्या माणसाला गिळणार न्हाय. पण खाऱ्या जमिनीत दुसरं काय तग धरत न्हाय, हाच धरतो. त्याचं बी बय पेंढ्यात गुंडाळून, दोरीनं आवळून, मुडा करून चुलीच्या वर टांगायची, धुराला. त्या मुड्याला आमी हात लावायचा न्हाय. एका वर्षी घरात दाणा नव्हता, पोरं उपाशी, तरी तिनं मुडा सोडला न्हाय, शेजारून उसनं आणलं. मला तवा तिचा लई राग आला व्हता.

मंग कंपन्या आल्या, पोरं मुंबईला गेली, पनवेलला गेली, आमचे थोरले दीर, दिनकर भावजी, त्यांनी डंपर घेतला आणि अलिबागला घर केलं. आमच्या ह्यांना कंपनीत काम व्हतं. वाईट कोण न्हाय, पोट सगळ्यांनाच हाय. पण एका उधाणाला मोठी खांड पडली आणि बय गल्लीगल्लीतून हाक मारत फिरली, आणि ताई, त्या दिवशी किती माणसं आली असतील. बय, मी, एक म्हातारा नि दोन बाया. बाकीचे म्हणाले ड्युटी हाय. आमच्या घरातलेच दोन ल्योक आले न्हायत तर दुसऱ्याला काय बोलायचं. बय त्या खांडीच्या तोंडाशी उभी राहून गोळे टाकत व्हती, टाकला की वाहून जायचा, टाकला की वाहून जायचा. शेवटी मीच तिला ओढून आणली. तेव्हापासून त्या शेतात भरती शिरली ती शिरलीच. तिवरं उगवली, खेकडे झाले, अकरा वर्षं दाणा न्हाय.

आता ऐका बयचं काम. परसात तिनं दोन हात रुंदीचा वाफा केला, त्यात दर वर्षी मूठभर राता पेरायची, नवं बी धरायची, मुडा बांधायची. न्हाय पेरलं तर बी मरतं. आणि प्रत्येक उधाणाला खाडीवर जाऊन कळशीभर खारं पाणी आणून त्या वाफ्यात ओतायची. का, तर म्हणे गोड पाण्यावर वाढलं तर बी खारं विसरंल, आणि उद्या बांध झाला, शेतात पेरलं, तर उभं राहणार न्हाय. लोक हसायचे. भावजी म्हणायचे, म्हातारीला चळ लागला. मीपण मनात हसायचे, खोटं कशाला बोलू. पण तिचे गुडघे गेल्यावर कळशी माझ्या कंबरेवर आली. दर उधाणाला मी जायची, ती ओट्यावर बसून वाट बघायची, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायची आणि म्हणायची, हां, खाडीचंच हाय. म्हणजे बघा, विश्वास, पण चाखून.

आता जे सांगते ते मी आजवर कुणाला सांगितलं न्हाय.

जमीन बयच्या नावावर. मुंबईची एक पार्टी आली, खाडीकिनारी बंगले करायचे म्हणून. भावजींनी सगळं जमवलं, पण बय अंगठा देईना. म्हणाली, मी मेल्यावर काय ते करा. आमचं माणूस तवा कंपनी बंद पडून घरात बसलेलं, खोकल्यानं खंगलेलं, छप्पर गळतंय. भावजी एक दिवस मला परसात गाठून म्हणाले, हे बघ, ती फक्त तुझं ऐकते, तिला सांग सरकार बांध बांधून देतंय, त्याचा कागद हाय. मी म्हटलं, मी न्हाय सांगणार. ते म्हणाले, मंग कळशा वाहा जन्मभर.

आणि मी सांगितलं. भावजींना मी शिव्या देते, गावाला देते, पण तोंड माझं व्हतं. मला पण पायजे व्हतं, ताई. अकरा वर्षं मी पण कंटाळले व्हते.

बयनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. गाडीत बसून अलिबागला गेलो, रस्ताभर ती बोलत व्हती, पहिल्या वर्षी अर्ध्याच शेतात पेरू, खार धुऊन जाऊ दे, मंग पुढच्या वर्षी सगळं. ऑफिसात गर्दी, एका माणसानं कागद पुढं केले आणि विचारलं, आजी, काय लिहिलंय समजलं ना? भला माणूस व्हता, दोनदा विचारलं. बयनं त्याच्याकडं न्हाय बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, व्हय, समजलंय तिला. आणि तिचा हात धरून मीच अंगठा शाईवर ठेवला. चिखलात तिनं माझा धरलेला, तोच हात.

पुढचं ऐकवत न्हाय, पण ऐका. बांध खरंच झाला, बंगल्यांसाठी पार्टीलाच पाणी अडवायचं व्हतं. पोकलेन आला, पंधरा दिवसांत खांड बुजली, सबंध गावाला जे जमलं न्हाय ते एका मशिननं केलं. तिवरं कशी गेली ते मला विचारू नका, एका उन्हाळ्यात सुकली. बयचा आनंद काय सांगू तुमाला. मला धरून धरून बांधापर्यंत जायची, दगडावर बसायची, पोकलेनवाल्याला भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी न्यायची, म्हणायची, बाबा, तू एकटाच जोळीला आलास बघ. तो परमुलखातला, त्याला काय कळतंय, तो हसून खायचा. जो भेटंल त्याला सांगायची, माझ्या सुनेनं कागद करून आणला. गावाला सगळं ठाऊक व्हतं. एकानं तिला खरं सांगितलं न्हाय. ज्या गावानं चिखलाचा गोळा दिला न्हाय ते गाव मला साथ द्यायला मात्र एक झालं.

त्या वर्षी तिनं वाफा दुप्पट केला. मुडे दोन झाले.

मंग मुरूम पडायला लागला. डंपर भावजींचेच. ओट्यावरून आवाज यायचा. बयनं विचारलं, शेतात मुरूम कशाला गं? मी म्हटलं, बांधावर जायला रस्ता करतायत. ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी परत आवाज, तिसऱ्या दिवशी परत, पण तिनं परत विचारलं न्हाय. बांधाकडं ने म्हणून पण म्हणाली न्हाय. पंधरा-वीस दिवसांनी अंथरूण धरलं.

जायच्या आदल्या दिवशी मला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, मुडे तुझ्याकडं ठेव, दिनूकडं देऊ नको. खारं पाणी घालत जा. तू माझ्यासंग कवा खोटं बोलली न्हायस, म्हणून तुझ्याकडं देते. आता तिला कळलं व्हतं का न्हाय, ताई? कळून बोलली का न कळून बोलली? मी किती वेळा तो दिवस मनात फिरवून बघितला. कळलं नसंल तर मी तिला फसवली, आणि कळलं असंल तर तिनं मला जन्माची शिक्षा दिली, तीपण आशीर्वाद म्हणून.

वर्षश्राद्धाला भावजींनी मांडव घातला. बयचा एवढा मोठा फोटो, बॅनर, त्यावर मायेचा सागर असं कायतरी. असतील शितं तर जमतील भुतं, सगळं गाव जेवायला. जोळीला आलेली नसतील एवढी माणसं. भावजी माइकवर उभे राहून रडले, म्हणाले, बयनं आमाला मातीवर प्रेम करायला शिकवलं. मेल्या म्हशीला मणभर दूध. मी वरण वाढत व्हते, वाढत राहिले. मी काय तोंड उघडणार, आमचं छप्परपण त्याच मुरमातून झालंय. आमचं माणूस त्या छपराखाली एक पावसाळा जगलं.

आता मी एकटीच असते. वाफा हाय, या बघायला. दर वर्षी पेरते, मुडा बांधते. कुठं पेरणार ते मला विचारू नका, खारी जमीन राहिलीच कुठं. पण बी मेलं तर मंग त्या अंगठ्याला काय अर्थ राहिला. पाणी मात्र लांब पडतं आता. खाडीवर जायची वाट आमच्याच शेतातून व्हती, तिथं भिंत हाय, लोखंडी गेट हाय, वॉचमन बसतो. पोरगा चांगला हाय, न्हाय म्हणत न्हाय. फक्त वही पुढं करतो, म्हणतो, मावशी, साहेबांचा नियम हाय, आत जायचं तर सही करा.

मला सही येते, चौथी शिकलेय मी. पण मी त्याला म्हणते, शाई आण. आणि दर उधाणाला त्या वहीत अंगठा देते, मंग कळशी घेऊन आत जाते. त्याला वाटतं म्हातारी अडाणी हाय. वाटू दे.