कार्डावरचा चेहरा

हुकमचंद : कॉम्प्युटरला डबाच नको म्हणता? पुंजारामभाऊ, मग मदरबोर्ड ठेवणार कशात? मांडीवर?

पुंजाराम : माझ्या दुकानात स्टार्टरचा पत्र्याचा खोका पडेल हाये. त्याला भोकं पाडतो, चार स्क्रू मारतो. कॅबिनेटचे पैसे वाचले, ते मॉनिटरला लावा.

हुकमचंद : देखो भाऊ, जाफराबादला तुम्ही विहिरीवरच्या मोटरी भरता, तिथं चालत असंल. हे नाजूक काम हाय. पत्रा कुठं टेकला की बोर्ड खलास. मंग रडत जालन्याला याल, अन् मी म्हणीन गॅरंटी न्हाई.

पुंजाराम : अठरा वर्षं तांब्याची तार भरून राह्यलो, शेठ. आजवर एक मोटर जळून परत आली न्हाई. जोडणी मी करतो, तुम्ही फक्त सामान द्या. यादीतून स्पीकर काटा.

हुकमचंद : काटला.

पुंजाराम : सीडीचा ड्राइव्ह काटा.

हुकमचंद : विंडोज इथूनच टाकून देतो, म्हणून काटला. यूपीएस मात्र काटू देणार न्हाई. तुमच्याकडं लाइट किती जाते?

पुंजाराम : लाइट येते किती ते विचारा. तो पण काटा. लाइट असंल तवाच काम करीन.

दुर्गाबाई : काटा, काटा. सगळंच काटा अन् रिकाम्या हातानं घरी चला. साडेतीनची गाडी गेली का मंग जीपच्या टपावर बसवाल मला.

हुकमचंद : मावशी, तुम्ही बसा, चहा येतो. भाऊ, एक सांगा. बाकी सगळं काटलं, अन् मॉनिटर पाहिजे भारी, स्कॅनर पाहिजे दुकानातला सगळ्यात महागाचा. प्रोसेसर पण मोठा. लग्नपत्रिका छापायच्या हायेत का?

पुंजाराम : न्हाई.

हुकमचंद : मंग काय काम हाय, ते तरी समजू द्या. कामाबराबर मशीन सांगता येतं.

दुर्गाबाई : तो न्हाई सांगायचा. मी सांगते. महीच लेक याला देल्ती, सगुणा. मागल्या साली काविळीनं गेली. तिचा फोटो काढायचाय याला त्या मशीनमधून.

हुकमचंद : अरे भगवान. मला माहीत नव्हतं, मावशी. पण फोटोसाठी बावीस हजाराचं मशीन कशाला? स्टुडिओवाला दोनशे रुपयांत मोठा करून देतो.

दुर्गाबाई : करून देला की. हा बघा, मी मुद्दाम पिशवीत घालून आणलाय. शेठ, तुम्हीच सांगा, काय वाईट हाय यात?

हुकमचंद : चांगला हाय. रंगीत, फ्रेम पण बराबर. साडी छान दिसते.

पुंजाराम : ती सगुणा न्हाई.

दुर्गाबाई : झालं सुरू.

पुंजाराम : आत्या, साडी तिची न्हाई, हे मी सोडून दिलं. रंग उजळ केला, तेबी सोडलं. डोळे कोणाचे हायेत ते सांगा.

हुकमचंद : म्हणजे?

पुंजाराम : आमच्याकडं तिचा एकच फोटो. हा, मतदानाच्या कार्डावरचा. काळा-पांढरा, नखाएवढा. चमक पडली अन् तिनं डोळे मिटले. बघा.

हुकमचंद : हां. मिटलेलेच हायेत. लग्नातला न्हाई का एखादा?

दुर्गाबाई : लग्नात मान वर केली असती तर ना. मुंडावळ्या, डोक्यावर पदर. नाकाचा शेंडा तेवढा दिसतो. मी म्हणत होते, सगुणे, एकदा तरी वर बघ. लाजाळू पोरगी.

पुंजाराम : स्टुडिओवाल्याला कार्ड दिलं. त्यानं हे करून दिलं, डोळे उघडे. मी विचारलं, बाबा, हे डोळे आणले कुठून? तर म्हणतो, माझ्याकडं डोळ्यांची वेगळी फाइल हाय, शोभतील ते लावले. हसून सांगतो, शेठ.

हुकमचंद : करतात तसं, भाऊ. सगळेच करतात. त्याला वाटलं तुम्ही खूष व्हाल.

पुंजाराम : कोण्या परक्या बाईचे डोळे हायेत. तिचा माणूस असंल, लेकरं असतील. ती माझ्या घरात भिंतीवरून बघती. मी तिकडं पाठ करून जेवतो.

दुर्गाबाई : अन् पोरगी? तिचं सांगा ना. शेठ, चार वर्षाची नात हाय मला, गंगा. आई गेली तवा महिनाभर बोलली न्हाई. हा फोटो लागला तशी बोलाया लागली. अंगणवाडीतून आली का फोटोपुढं उभी राहती. आई, आज उसळ दिली, आई, बाईनं मला पुढं बसवलं. म्हणती, आई बघती माझ्याकडं. अन् हा बाप निघाला फोटो उतरवायला.

पुंजाराम : तेच तर म्हणतो. पोरगी रोज त्या बाईचा चेहरा पाठ करून राह्यली. आणखी वर्षभरानं तिच्या मनात आई म्हणून ही बाई बसंल. सगुणा राहणारच न्हाई कुठं.

दुर्गाबाई : मंग राहू दे की. आई नसण्यापरीस बरं. मही लेक हाय, मला वाईट वाटत न्हाई का? पण चार वर्षाच्या लेकराला खरंखोटं काय कळतं?

पुंजाराम : मला कळतं.

हुकमचंद : थांबा, थांबा. भांडू नका. भाऊ, तुमचा हिशोब काय हाय, समजावून सांगा. मशीन घेऊन काय करणार?

पुंजाराम : सोपं हाय. स्टुडिओवाल्याचं मशीन हलकं असंल. मोठा प्रोसेसर घेतला, मोठा स्कॅनर घेतला, तर कार्डातला चेहरा साफ वर येईल. पापण्यांच्या खाली काय हाय ते दिसंल. खोल पाण्याला तीन एचपीची मोटर पुरत न्हाई. साडेसातची लावली का पाणी येतं.

हुकमचंद : भाऊ, आता तुमच्याकडून पैसे घेतले तर मला जेवण जाणार न्हाई. द्या ते कार्ड इकडं. हे दुकानातलं सगळ्यात मोठं मशीन हाय, स्कॅनर पण तोच, तुम्ही मागितला तो. आधी बघा, मंग बोला.

(हुकमचंद कार्ड स्कॅनरच्या काचेवर ठेवून झाकण लावतो.)

दुर्गाबाई : अगं बाई. केवढी मोठी दिसती.

पुंजाराम : आणखी मोठं करा. डोळ्यांवर न्या.

हुकमचंद : हे घ्या.

पुंजाराम : हे असं काहून झालं? चेहरा कुठं गेला?

हुकमचंद : गेला न्हाई. हाच हाय. कार्डावर फोटो असा चौकोनांनीच छापेल असतो, भाऊ. लहान असला तर नजर जुळवून घेते, मोठा केला का चौकोन दिसतात.

दुर्गाबाई : फरशी बसवल्यावानी दिसून राह्यलं.

पुंजाराम : प्रोसेसर याच्यापेक्षा मोठा येत असंल. औरंगाबादला मिळंल. रॅम वाढवा. मी आणखी पैसे करतो, शेठ. वाइंडिंगचं मशीन विकतो.

दुर्गाबाई : अन् खाता काय मंग?

पुंजाराम : तुम्ही थांबा, आत्या. शेठ, सांगा. कोणता पार्ट लावला म्हणजे दिसंल?

हुकमचंद : कोणताच न्हाई.

पुंजाराम : असा कसा कोणताच न्हाई? एवढं दुकान भरलंय तुमचं.

हुकमचंद : पुंजारामभाऊ, मी एक विचारतो. विहीर आटली. कास्तकार तुमच्याकडं येऊन म्हणला, साडेसातची मोटर बसवून द्या. तुम्ही काय सांगता त्याला?

पुंजाराम : विहिरीचं इथं काय काढलं?

हुकमचंद : सांगा ना.

पुंजाराम : सांगतो, बाबा, मोटर घेऊ नको. आत पाणीच न्हाई.

हुकमचंद : बस. तेवढंच हाय. तिनं डोळे मिटले तवा पापण्यांखालचं कार्डात आलंच न्हाई. जे आलं न्हाई, ते मशीन कुठून आणणार? स्टुडिओवाल्यानं दुसऱ्या विहिरीतून आणून टाकलं.

दुर्गाबाई : चला जावईबापू. उठा. झालं ना समाधान? पैसे खिशात ठेवा, पोरीच्या कामाला येतील.

पुंजाराम : उठू कसा, आत्या? उठून घरी जायचं, अन् घरी कोण हाय? ती बाई हाय.

दुर्गाबाई : असं बोलू नका. लोक ऐकतात.

पुंजाराम : ऐकू द्या. तेरा महिने झाले. रोज रात्री वाटतं, उद्या काहीतरी करू. पैसे जमले का करू, जालन्याला गेलो का करू. आज जालन्याला आलो. आता कुठं जाऊ ते सांगा.

हुकमचंद : पाणी प्या, भाऊ. घ्या. अजून एक घोट घ्या.

पुंजाराम : शेठ, हे चौकोन. हे तुम्हाला बदलता येतात का? एकाचा रंग काढून दुसरा?

हुकमचंद : येतात. माउसनं चौकोन धरायचा, खालून रंग निवडायचा, भरायचा. त्याला मोठं मशीन लागत न्हाई. हलक्यातलं हलकं चालतं.

पुंजाराम : एक डोळा किती चौकोनांत येतो?

हुकमचंद : मोजू या. वरती चार, मधी चार, खाली चार. बारा.

पुंजाराम : दोन्ही मिळून चोवीस. मोटरच्या स्टेटरला तार भरायच्या चोवीस खाचा असतात. रोज भरतो मी तेवढ्या.

दुर्गाबाई : आता हे काय नवीन काढलं?

पुंजाराम : मी भरतो, आत्या. डोळ्यांची फाइल नको, कोणाचे डोळे नको. नऊ वर्षं बघेल हायेत मी तिचे. एकेक चौकोन भरीन. चुकलं तर काढीन, परत भरीन. महिना लागो, वर्ष लागो.

हुकमचंद : मंग असं करा. महागाचा प्रोसेसर सोडा, हा स्वस्तातला सेलेरॉन घ्या. स्कॅनर तर बिलकुल घेऊ नका, मीच हे स्कॅन तुमच्या हार्डडिस्कमधी टाकून देतो. जुना चौदा इंची मॉनिटर हाय, चांगला चालतो. अन् वाचलेल्या पैशात कॅबिनेट घ्याल मुकाट्यानं, यूपीएस पण.

पुंजाराम : घेतो. द्या.

दुर्गाबाई : धंदा झाला तुमचा.

हुकमचंद : झाला, मावशी. पहिल्यापेक्षा निम्मा झाला. या भाऊ, खुर्ची पुढं घ्या. भरायचं कसं ते शिकवून देतो. माउस असा धरा, दाबू नका, पाना न्हाई तो. हा मधला चौकोन बघा, इथं बुबूळ येणार. फोटो काळा-पांढरा हाय, म्हणून खाली रंगाऐवजी राखाडीच्या छटा हायेत. सोळा. पूर्ण काळ्यापासून तर पांढऱ्यापर्यंत. बुबूळ काळंभोर व्हतं का फिकट?

पुंजाराम : बुबूळ?

हुकमचंद : हां. कोणती छटा भरू? एक भरून दाखवतो, मंग तुम्ही भरा.

दुर्गाबाई : सांगा ना, जावईबापू. विचारून राह्यले ते.

हुकमचंद : भाऊ? काळी भरून बघू का?

पुंजाराम : थांबा जरा.

दुर्गाबाई : काय झालं?

पुंजाराम : काल मोटर भरता भरता तिचे आले व्हते डोळ्यापुढं. आता आठवाया गेलो का त्या फोटोतल्या बाईचेच येतात.

दुर्गाबाई : पुंजाराम.

पुंजाराम : दुसरे येतच न्हाईत, आत्या. तुम्ही सांगा.

दुर्गाबाई : सरका. मला बसू द्या तिथं. शेठ, मही लेक घारी व्हती. लई न्हाई. उन्हात उभी राह्यली का समजायचं, घरात काळेच दिसायचे. तिच्या आजीचे तसेच व्हते.

हुकमचंद : घाऱ्यात पण पाच-सहा छटा बसतील, मावशी.

दुर्गाबाई : एकेक दाखवा.

हुकमचंद : ही?

दुर्गाबाई : न्हाई.

हुकमचंद : ही बघा, थोडी उजळ.

दुर्गाबाई : न्हाई.

हुकमचंद : मंग ही?

दुर्गाबाई : सांगते. घाई करू नका मला.