न जळणारी वात

आमचं मूळ साताऱ्याकडचं, पण सासरे रेल्वेत लागले म्हणून बडोद्याला आले आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. कारेलीबागेतल्या ह्याच ब्लॉकमध्ये मी लग्न होऊन आले ती आजपर्यंत, तीन जिने चढून, लिफ्ट नाही काही नाही. आमचे हे इथल्याच गोरव्याच्या एका कंपनीत बोअरिंग मशीनवर होते, पाण्याचं नव्हे हो, दगड शोधायचं, संगजिरं, कॅरमवर पावडर टाकतो ना आपण, ते. राजस्थानच्या हद्दीकडे डोंगरात तंबू ठोकून राहायचे, आणि आले की मला शिकवायचे, मला काय करायचंय म्हटलं तरी शिकवायचेच. म्हणे अगं, आधी तो दगड काळाहिरवा, कठीण, जमिनीच्या पार पोटातून वर आलेला, मग त्यात गरम पाणी शिरतं, मुरतं, युगंच्या युगं, आणि शेवटी नखाने ओरखडा उठेल इतका मऊ पडतो. आम्ही भोक पाडून त्याच्या गोल कांड्या वर काढतो, मऊपणा कुठवर खाली गेलाय ते बघतो.

तर एकदा कांडीत त्या मऊ दगडाच्या कडेला पांढरे तंतू निघाले, रेशमासारखे. साहेबांनी बघितलं न् म्हणाले हे भोक बंद करा, इथलं संगजिरं नको. का, ते सांगितलं नाही. पण तिथल्या बायका त्या तंतूंची वात करतात, ती जळत नाही, असं ह्यांनी ऐकलं होतं, म्हणून रुमालात बांधून माझ्यासाठी आणले.

काय सांगू तुम्हाला, मला वाती वळायचा भारी नाद. कापसासारखे पिंजले मी ते, खिडकीत बसून, आणि माझी मुक्ता तेव्हा एवढीशी, मांडीवर. उन्हात भुगा उडायचा तो ती टाळ्या वाजवून पकडायची. समईत तेल संपायचं पण वात तशीच्या तशी. खालच्या कोकिलाबेन बघायला आल्या, म्हणाल्या आ तो चमत्कार छे, आणि मला कोण मिजास! दर श्रावणात ती वात काढायची, झटकायची, पिंजून पुन्हा वळायची, मुक्ता मदतीला, असं वर्षानुवर्षं.

पुढे हे गेले, छातीनेच गेले. विडी ओढायचे, म्हणून आम्ही विडीला शिव्या घातल्या. आणि आता गेल्या हिवाळ्यात माझ्या छातीत पाणी झालं. डॉक्टर विचारतो आजी, कुठल्या कारखान्यात होतात का. मी चिडले, म्हटलं स्वयंपाकघर न् देवघर सोडून मी कुठे गेले नाही. मग म्हणतो, तंतू निघतात असा दगड कधी हाताळलात का. मी त्याला वातीचं सांगितलं.

घरी आल्यावर मुक्ता समईतून वात काढायला गेली, तशी मी ओरडले, "हात लावू नकोस तिला!" मीच ती तेलासकट बरणीत घालून झाकण घट्ट लावलं. डॉक्टर म्हणतो त्या तंतूंचा भुगा श्वासातून छातीत जातो, आणि हे दुखणं वर्षानुवर्षं गप्प बसतं आणि मग उठतं. मुक्ताचे फोटो काढले छातीचे. काही नाही म्हणाला, अजून तरी.

माझं काय, झालं माझं. मुक्ता सासरहून, तिकडे वासण्याहून, रोज डबा घेऊन येते, तेव्हा मी दार उघडून जिन्याशी खुर्ची टाकून बसते. तिला वाटतं आई वाट बघते. मी तिचा श्वास ऐकत असते. काल ती दुसऱ्या जिन्यावर थांबली. का गं, विचारलं, तर म्हणाली फोन आला होता. मला काही फोन वाजलेला ऐकू आला नाही. औक्षवंत हो बाई, म्हटलं, आणि डबा हातातून घेतला.