डावऱ्या हाताचा रंधा

सोलापूर स्टँडवर पुण्याच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढं एक म्हातारे सुतार त्यांच्या गावच्या सोमलिंगला पुण्यातल्या मुलासाठी निरोप देत होते.

"आमच्या सोपानाला सांग, खाचा पाडायच्या मशीनचं पातं थांबल्याबिगर मशीन उचलायचं न्हाय."

"सांगतो, काका."

"फळी आदी शिकंज्यात आवळायची. एका दमात खोल जायचं न्हाय. आन दोनी हात मशीनवर. त्यो डावरा हाय, मशीनचं बटन उजव्या अंगाला."

"तुमाला कसं ठावं? मशीनचं नाव काडलं की तुमी भडकत होता की. त्यावरनंच तर भांडून गेला त्यो."

"हितं एका कारखान्यात जाऊन बगितलं. लई जोर हाय त्याला. हातातनं निसटाय बगतंय."

"मग चला की माज्याबरोबर. तुमीच सांगा."

"नको. माजं नावबी काडू नको. तूच सांगतोस असं सांग."

"बरं. आनखी काय?"

"दसऱ्याला हत्यारं पुजायला येतो का, इचार."

"हे तरी तुमच्या नावानं इचारू का?"

"त्याच्या रंध्याच्या नावानं इचार. धार लावून ठिवलाय. डावऱ्या हाताचा हाय, दुसऱ्या कुनाचा हात बसत न्हाय त्यावर."