डब्यातली कार्नेशन

(पॅरिसबाहेरच्या एका स्टुडिओतली मेकअपची खोली. चित्रीकरणाचा पहिला दिवस. नटी आर्लेत आणि तिच्या कपड्यांचं बघणारी ब्लांदीन. दारात आत्ताच येऊन उभी राहिलेली आर्लेतची मुलगी मिरेय.)

आर्लेत : ...आणि त्या दिग्दर्शकाला सांग, मी कॅमेऱ्यापुढे उभी राहिले तेव्हा त्याची आई दुपट्यात होती.

ब्लांदीन : सांगितलं, मादाम. तिबोसाहेब म्हणतात, मी काही पाठवलेलंच नाही.

आर्लेत : पाठवायचं आणि वर कानांवर हात ठेवायचे. आधी आजीचं काम दिलं, आता तेही नको झालं. तोंडावर सांगायची हिंमत नाही मेल्यात.

मिरेय : काय झालं?

आर्लेत : तू? कधी नव्हे ती इकडे कशी? बघ त्या केराच्या डब्यात काय आहे ते.

मिरेय : फुलं आहेत.

आर्लेत : कार्नेशन आहेत.

मिरेय : मग?

ब्लांदीन : मिरेयताई, हात नका लावू. पूर्वी हंगाम संपला की नाटक कंपनीचा मालक नट्यांना फुलं पाठवायचा. गुलाब आले, तर पुढच्या हंगामात काम पक्कं. कार्नेशन आली, तर बाईनं सामान बांधायचं. आम्ही अजून पाळतो.

मिरेय : पण हा सिनेमा आहे.

आर्लेत : मी नाटकातलीच आहे. सगळ्या देशानं माझी पोस्टरं भिंतींवर लावली, म्हणून विसरेन होय?

मिरेय : मग केलंस काय तू?

ब्लांदीन : काम सोडलं. गाडी बोलावलीय. तिकडे सेटवर सगळे खोळंबलेत.

मिरेय : ती फुलं मी आणली होती.

आर्लेत : काय?

मिरेय : तू मेकअपला बसली होतीस. टेबलावर ठेवली आणि कॉफी प्यायला गेले.

आर्लेत : अख्ख्या पॅरिसमध्ये तुला दुसरं फूल मिळालं नाही?

मिरेय : तिकडे रुबे गावात आजीच्या खिडकीत दुसरं काही उगवायचंच नाही. तुझा सिनेमा लागला की आजी गिरणीतून सुटून यायची, एक कार्नेशन तोडायची, माझ्या फ्रॉकला लावायची. मग आम्ही दोघी तुला बघायला जायचो. पडद्यावर. एरवी तू नाताळला यायचीस, तीही गाडी चालूच ठेवून.

आर्लेत : मी काम करत होते. घर त्यावरच चालायचं ना?

मिरेय : पाठ आहे मला ते. आणि मला मूलबाळ नाही, असं मासिकात सांगितलंस तेही पाठ आहे. मी न्हाव्याच्या दुकानात वाचलं. आजी शेजारी बसली होती.

आर्लेत : निर्मात्यानं सांगायला लावलं.

मिरेय : आणि तू सांगितलंस. मग गुलाब कुठला आणि कार्नेशन कुठलं, हे मला कसं कळणार? ब्लांदीनला माहीत. फाटकावरच्या माणसालाही माहीत असेल. तुझ्या घरात मी कधी राहिलेय का?

आर्लेत : आवाज खाली कर.

मिरेय : नाही करणार. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यासाठी फुलं आणली आणि तू ती केराच्या डब्यात टाकलीस.

आर्लेत : मला ती एकदाच आली होती. लियाँच्या कंपनीत असताना. माझं पोट दिसायला लागलं होतं, मालकाच्या लक्षात आलं. संध्याकाळी खोलीत आले तर आरशापुढे एवढा मोठा गुच्छ.

मिरेय : म्हणजे माझ्यामुळे.

आर्लेत : तो हलकट होता म्हणून. तुझा काय दोष?

मिरेय : पण राग माझ्यावर निघाला.

आर्लेत : हो. तुझ्यावरच निघाला.

ब्लांदीन : मादाम, गाडी आली.

मिरेय : जा तू. मीही निघते.

आर्लेत : ब्लांदीन, ड्रायव्हरला परत पाठव. आणि तिबोला सांग, येतेय म्हणावं. माफीबिफी काही मागणार नाही.

ब्लांदीन : आणि हा डबा? बाहेर नेऊन ठेवू?

आर्लेत : थांब. त्यातलं एक काढ, देठ न मोडलेलं. टाचणी दे. मिरेय, अशी पुढे ये.

मिरेय : माझा राग गेलेला नाही.

आर्लेत : नसू दे. हलू नकोस, टोचेल.