पाचव्या शीलावर अडकलेला स्पीकर

...आन् वर मलाच सांगतंय, 'हे उपकरण सापडत नाही.' आता सापडत न्हाई म्हंजी काय? फ्रिजवर बसलाय की त्यो स्पीकर, तीन वरसं झाली, जागचा हलला न्हाई. मी बोट करून दाखवलं, तर सून गौतमी म्हणती, "आत्याबाई, त्याला डोळे न्हाईत." मग न बघता बोलतो कशाला?

पण तुम्हाला सांगते, उपकारच हायत त्याचे, न्हाई म्हणणार न्हाई मी. माझ्या ल्योकानं, नवनाथनं, कवठ्यात नवं घर बांधलं तवाच चार खोल्यांत चार स्पीकर बसवले, वायर न्हाई का काय न्हाई. माझे गुडघे गेलेले. भाईरच्या खोलीत पडल्या पडल्या म्हणायची, "स्वयंपाकघरात सांग, चहा ठेवा," की चहा हजर. सकाळची बुद्धवंदना चारी खोल्यांत एकदम. मला अक्षर येत न्हाई, पण त्यानं कवा हिणवलं न्हाई. असा इश्वास बसला, असा बसला... की नवनाथच्या वडलांचं वर्साचं पुण्यानुमोदन आलं, पाबळचे बौद्धाचार्य म्हणले, "दोन ठिकाणी कार्यक्रम हाय, येतो, पण उशीर होईल," तर आमचं पोरगं त्यांनाच सांगतंय, "राहू द्या सर, धावपळ नको, आमच्याकडं स्पीकर हाय." आन् मीबी शहाणी, मान हलवली.

नेमकी त्याच सकाळी त्या स्पीकरला सुधारायची बुद्धी झाली. "आये, अपडेट आलंय, पाच मिन्टाचं काम." म्हणलं, चांगलं चाललेल्याला सुधारायचं कशाला? तर म्हणे, आपोआप होतं.

पावणे जमले. कोरेगाव भीमाच्या माझ्या भैनी, दौंडचे माझे धाकले दीर हौसराव. फोटोला हार, मेणबत्ती, खीर शिजलेली. फोटोतनं मालक बघत्यात माझ्याकडं. वर्सातनं एकच काम त्यांचं, तेवढं तरी नीट व्हावं, दुसरं काय न्हाई माझ्या मनात. हात जोडले, झालं सुरू... तर भाईर तिसरं शील आन् स्वयंपाकघरात अजून दुसरं! गडी पुढं, बायका मागं, वरच्या खोलीतल्याचं तर इचारूच नका... आन् पाचव्या शीलावर, म्हंजी दारूच्या, गाडी अडकली. एकदा म्हणलं. परत तेच. परत तेच. सगळ्यांच्या मुंड्या फिरल्या हौसरावांकडं. ते बिचारे जोडलेल्या हातांनीच म्हणत्यात, "वैनी, आवंदा सोडलीय हो मी. ह्याला कुणी सांगितलं?" तवर स्पीकरातली बाई बोलली, 'काहीतरी चुकलं. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' थोड्या वेळानं? मेणबत्ती निम्मी झालेली.

नवनाथ घामाघूम, त्याच्या फोनवर नुसतं चाक फिरतंय. पुढचं कुणालाच येईना. येईल कुठनं, तीन वरसं मशिनच म्हणत हुतं की. मग उठले मीच, गुडघे धरून. माझ्या सासऱ्यांनी शिकवलेली वंदना, चुलीपुढं, भाकरी थापता थापता. एक शब्द चुकला तर म्हणायचे, "पोरी, पहिल्यापासनं." भाकरी करपली तरी पहिल्यापासनंच. तशीच म्हणायला लागले, एक शब्द गाळला न्हाई. स्वयंपाकघरातल्या बायका भाईर आल्या, वरची नातवंडं खाली आली, चार खोल्यांतली माणसं तीन वरसांनी एका खोलीत, माझ्या मागनं, एका सुरात. पाचवं शील हौसरावांनी सगळ्यांत मोठ्यानं म्हणलं. फोटोतलं माणूस... मला तर हसल्यावानी दिसलं.

म्हणून म्हणते, उपकारच हायत त्याचे, न्हाई म्हणणार न्हाई मी. बिघडला नसता, तर माझ्या तोंडातलं माझ्याबरोबरच गेलं असतं. आता गौतमी रोज पाठ करती. चुकली की मी म्हणते, "पोरी, पहिल्यापासनं." वस्तीतली माणसं बोलवायला येत्यात, "आजी, चला आमच्याकडं, तुम्हाला अपडेट लागत न्हाई."

नवनाथला तर इतका आनंद, इतका आनंद झाला... काल माझ्यासाठी माईक घेऊन आला. बिनवायरचा. "आये, तुझा घसा दुखायला नको." म्हणलं, आण बाबा, बोलते. तवापासनं त्यो हातात धरून बसलेय. मी तोंड उघडलं की नवनाथ म्हणतो, "थांब आये, आधी अपडेट मागतोय."