पिंगळ्याच्या मनगटावर

चौकट पहिली

नारायणराव : तोंड कुठंय? बारा फुटी बॅनरवर हिरोला तोंडच नाही, जोतीराम!

जोतीराम : हाय की. मुखवट्याच्या आत हाय.

नारायणराव : मुखवटा बघायला कोण तिकीट काढतं? लोक नटाचं तोंड बघायला येतात. आणि ही बाई एवढी लांब का उभी केलीस? मधून बैलगाडी जाईल. फोटोत दोघं मिठीत आहेत. उद्या शुक्रवार. वितरकाचा माणूस आज पाचला येतोय, त्याच्या आधी बॅनर थेटरावर चढलेला पाहिजे.

जोतीराम : बॅनर चढंल. मिठी मी रंगवणार न्हाय.

नारायणराव : काय म्हणालास?

जोतीराम : भईन हाय ती त्याची.

नारायणराव : सकाळी ट्रायल शोला पहिल्या रांगेत बसला होतास ना? चार गाणी आहेत दोघांची. एक तर पावसातलं.

जोतीराम : त्येच म्हणतोय मी. ज्या इंग्रजी चित्रांच्या पुस्तकावरनं ह्यो शिनेमा उचललाय, ती अकराच्या अकरा पुस्तकं माझ्याकडं हायती. बहात्तरच्या दुष्काळात घरातली पितळी भांडी गेली, पुस्तकं न्हाय गेली. घुबडावानी तोंड म्हणून आमी त्याला पिंगळा म्हणतो. पुस्तकातला पिंगळा गच्चीवरनं उडी टाकतो तवा त्याचा झगा कसा फुगतो, बघा एकदा. आन् शिनेमात? सोलापुरी चादर पांघरून परसाकडं निघालाय! कमरंची दोरी दिसती. वर नाचतोय. सायेब, पिंगळा नाचतोय! अकरा पुस्तकांत तो दोनदा हसलाय फकस्त.

नारायणराव : मोजलंस?

जोतीराम : मोजलं.

नारायणराव : उत्तम. आता मिठी काढ.

चौकट दुसरी

नारायणराव : वच्छलाबाई, लेडीज तिकिटांची खिडकी जरा लावा आणि इकडे या. तुमच्या भावाला शहाणपण शिकवा.

वच्छला : काय झालं, दादा?

जोतीराम : पिंगळ्याला भईनीच्या गळ्यात पाड म्हणत्यात.

वच्छला : अगं बाई.

नारायणराव : ऐक, जोतीराम. मी मानसिंग पेंटरला निरोप धाडतो. तासाभरात तो दोघांना चिकटवून देईल. पण तो एकदा या अंगणात शिडी घेऊन आला की तुझं इथलं काम संपलं. बारा वर्षं झाली असली तरी. आणि वच्छलाबाईंना खिडकी दिली ती तुझ्या शब्दावर. तूच नसलास तर त्यांना मी कोणत्या नात्यानं ठेवू?

वच्छला : दादा, रंगव की. शिनेमाच तर हाय.

जोतीराम : तू म्हणतीस? वच्छे, तू? वाचून कुणी दाखवलं मला? सायेब, मला इंग्रजी येत न्हाय. मोहोळला हुतो तवा रद्दीवाल्याकडनं मी पुस्तक आणायचो, ही आठवीत हुती, ही वाचायची. मी चित्रं बघायचो आन् ही मराठीत सांगायची. पुरावा पायजे का? थांबा. हे चौथं पुस्तक. कायम रंगाच्या पेटीत असतंय माझ्या. हितं बघा, ती त्याच्या मनगटाला राखी बांधतीया. तांबडी.

नारायणराव : बघू.

वच्छला : साहेब, गाडी वाजली वाटतं बाहेर.

नारायणराव : अजून चार वाजायचेत. दे रे इकडे.

वच्छला : नका वाचू, साहेब.

जोतीराम : वाचू दे की. छापलेलंच हाय.

चौकट तिसरी

नारायणराव : मराठीत सांगतो. 'जिवलगा, हात हलवू नकोस. जखम खोल आहे, पट्टी सुटेल.'

जोतीराम : परत वाचा.

नारायणराव : जिवलगा म्हणतेय ती. राखी कुठली? पट्टी आहे, रक्तानं लाल झालेली. आणि खालच्या चित्रात तिनं त्याचा मुखवटा वर सरकवलाय आणि म्हणतेय की... जाऊ दे. वच्छलाबाई समोर आहेत, मी वाचत नाही.

जोतीराम : वच्छे?

नारायणराव : तुमचं काय ते बोलून घ्या. मी ऑफिसात आहे. अर्ध्या तासानं येईन. मिठी, नाहीतर मानसिंग.

चौकट चौथी

(ही चौकट रिकामी आहे.)

चौकट पाचवी

जोतीराम : तुला वाचता येत नव्हतं?

वच्छला : येत हुतं. अडलं की शाळेत बाईंना विचारून यायची.

जोतीराम : मग?

वच्छला : 'जिवलगा' कसं म्हणू? म्होरं तू बसलेला. थोरला भाऊ. सोप्यात वडील बसल्यालं. चौदा वर्साची हुते मी, दादा. तोंडातनं भाईर पडंना. आन् तू घाई करायलास, 'काय बांधतीया गं ती, काय बांधतीया?' मी म्हणलं, राखी.

जोतीराम : आन् फुडं?

वच्छला : एकदा भईन म्हणल्यावर फुडच्या पुस्तकातबी भईनच ठेवावी लागली की. सातव्यात तर त्यांचं लगीन हाय.

जोतीराम : तू म्हणालीस, जत्रा हाय.

वच्छला : व्हय.

जोतीराम : आन् आईचं? आईनं मरताना मुखवटा शिवून दिला, तोंड कुणाला दाखवू नको म्हणली, ते?

वच्छला : पुस्तकात आई न्हाय.

जोतीराम : कुटंच न्हाय?

वच्छला : त्या साली आपली गेली हुती. मी घातली.

जोतीराम : तू घातलीस.

वच्छला : रागवलास?

जोतीराम : सकाळपासनं मी त्या शिनेमावाल्यास्नी शिव्या घालतोय. गोष्ट बिघडवली म्हणून.

वच्छला : आपली बिघडवलीच की त्यांनी.

जोतीराम : बारका ब्रश दे.

वच्छला : माझ्या खिडकीपायी करू नको. मी दुसरं कायतरी बघीन.

जोतीराम : ब्रश दे गं. आन् तांबडा डबा.

चौकट सहावी

नारायणराव : वा! वितरकाचा माणूस बाहेर उभा राहून बघतोय, खूश आहे. मुखवटा अर्धाच वर केलास, पण चालेल, हनुवटी ओळखू येते. मिठी झकास. बघ, उगाच ताणत होतास. ... जोतीराम.

जोतीराम : जी.

नारायणराव : तिच्या पाठीवर त्याचा जो हात आहे, त्या मनगटावर तांबडं काय आहे?

जोतीराम : पट्टी.

नारायणराव : पट्टीला गोंडा असतो?

जोतीराम : जखम खोल हाय, सायेब. तुमीच वाचलंत.